सोबत कुत्रा, वाट छोटी: गटाने करायच्या सोप्या भटकंतीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सोपी’ वाट म्हणजे नेमकी किती सोपी?

या भटकंतीसाठी निवडलेल्या वाटेची जाण्यायेण्याची मिळून लांबी ३ ते ५ किलोमीटर असते, एकूण चढ साधारण १५० मीटरच्या आत असतो आणि वाटेत कोठेही हातांचा आधार घेऊन चढावे किंवा उतरावे लागत नाही. यातील तिसरी अट आम्ही सर्वांत काटेकोरपणे पाळतो, कारण ज्या ठिकाणी माणसाला दोन्ही हात कातळावर टेकवावे लागतात त्या ठिकाणी कुत्र्याची लीश कोणी धरायची, हा प्रश्न सुटत नाही. लोखंडी जाळीच्या पायऱ्या, शिड्या आणि झुलते पूल असलेल्या वाटाही आम्ही टाळतो. माणसाला असे अडथळे किरकोळ वाटतात, पण पायाखालच्या जाळीतून पोकळी दिसू लागली की एरवी धीट असलेला कुत्राही जागीच बसकण मारतो, आणि ३० किलो वजनाचा बसलेला कुत्रा उचलून पलीकडे नेण्याला कोणी सोपी भटकंती म्हणणार नाही.

एवढ्या छोट्या वाटेसाठी दोन तास कशाला लागतात?

डोंगरवाटेवरील वेळेचा अंदाज घेण्यासाठी विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला एक आडाखा आजही वापरला जातो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि त्यावर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. या हिशेबाने ४ किलोमीटर लांबीची आणि १२० मीटर चढाची वाट बरोबर एका तासात संपायला हवी. कुत्र्यांसह गटाने चालताना आम्ही ती दोन तासांची धरतो. कुत्र्याला वाटेच्या टोकाशी काही देणेघेणे नसते. त्याला वाटेवरचे दगड, खुंट आणि आधी येऊन गेलेल्या प्राण्यांच्या खुणा हुंगायच्या असतात. हा हुंगण्याचा वेळ वाया गेला असे समजू नये. तो काढून घेतला तर कुत्र्याच्या दृष्टीने या सहलीत फारसे काही उरत नाही. शिवाय गटाचा वेग सर्वांत मागे पडणाऱ्या कुत्र्याच्या चालीने ठरतो, हा आमचा नियम आहे, आणि त्याला अपवाद केला जात नाही.

माझा कुत्रा यासाठी तयार आहे का, हे कसे ओळखावे?

तुमचा कुत्रा रोज सलग ४० ते ४५ मिनिटे चालत असेल, चालून आल्यानंतर लंगडत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा उठत असेल, तर अशी वाट त्याला जड जाणार नाही. दोन घरगुती कसोट्याही घ्याव्यात. रस्त्यावर दुसरा कुत्रा दिसला असताना नावाने हाक मारल्यावर तो क्षणभर तरी तुमच्याकडे वळून पाहतो का, आणि अनोळखी माणसे जवळून गेल्यावर तो सावरतो का? आज्ञापालनात तो तरबेज असण्याची मुळीच आवश्यकता नाही. त्याचे लक्ष तुमच्याकडे परत आणता येते एवढे पुरेसे आहे. हृदयाचा किंवा सांध्यांचा आजार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा बरेच वाढलेले वजन यांपैकी काही असल्यास आधी पशुवैद्यांना विचारावे.

पिल्लू आणता येईल का? आणि वयस्कर कुत्रा?

पिल्लांच्या मुख्य लसींची मालिका साधारणपणे १६ आठवड्यांच्या वयापर्यंत चालते आणि शेवटच्या मात्रेनंतर पुरेशी प्रतिकारशक्ती येण्यास आणखी सुमारे दोन आठवडे लागतात. त्यापूर्वी पिल्लाला अनेक कुत्र्यांच्या वहिवाटीच्या जागी आणू नये. पार्व्हो या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकून राहू शकतो, त्यामुळे ‘वाटेवर आजारी कुत्रा दिसला नाही’ या निरीक्षणाला काहीच अर्थ नसतो. लसीकरणानंतरही मोठ्या चणीच्या जातींबाबत सबुरी ठेवावी. त्यांची हाडे वाढण्याची प्रक्रिया १२ ते १८ महिन्यांपर्यंत चालू असते आणि त्या काळात लांब उतार, उड्या व सक्तीची दौड सांध्यांना घातक ठरू शकते. अशा पिल्लांनी अर्धी वाट चालून परत फिरणे उत्तम.

वयस्कर कुत्र्यांचे आम्ही मनापासून स्वागत करतो. गटाचा वेग योग्य ठेवण्याचे काम त्यांच्यासारखे कोणी करत नाही.

लसीकरणाचा दाखला का मागितला जातो?

रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो आणि हिपॅटायटिस यांच्या लसी अद्ययावत असणे ही सहभागाची अट आहे. लेप्टोस्पायरोसिसची लसही घेतलेली असावी असा आमचा आग्रह असतो, कारण या रोगाचा जिवाणू उंदीर, घुशी आणि इतर प्राण्यांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात व चिखलात पोहोचतो आणि हा रोग कुत्र्यांप्रमाणे माणसांनाही होतो. दाखल्याचे छायाचित्र पुरेसे आहे, मात्र त्यावरील तारीख वाचता आली पाहिजे.

माझा कुत्रा हाकेला लगेच येतो. तरीही लीश सक्तीची का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा आणि बहुतेकदा थोड्या नाराजीने विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देत आहोत.

मोकळ्या कुत्र्यामुळे निर्माण होणारा प्रश्न बहुतेक वेळा त्या कुत्र्याचा नसतोच. तुमचा कुत्रा प्रेमळ असेल आणि केवळ खेळायला म्हणून धावत गेला असेल, पण ज्याच्याकडे तो धावत गेला तो कुत्रा लीशवर आहे, त्याला मागे हटायला जागा नाही, कदाचित पूर्वी कधीतरी चावा खाल्लेला आहे. अशा वेळी त्याच्यापुढे गुरगुरणे किंवा चावणे एवढेच मार्ग उरतात. मग ‘तुमचा कुत्रा भांडखोर आहे’ हा ठपका मात्र बांधलेल्या कुत्र्यावर बसतो. गटात एकाच वेळी सात-आठ कुत्रे असताना एक जरी मोकळा सुटला तरी सर्व लीशी ताणल्या जातात आणि ताण कुत्र्याकुत्र्यांत फार वेगाने पसरतो. त्यातच सशामागे किंवा खारीमागे धावणारा कुत्रा हाक ऐकू येत असूनही थांबत नाही. शिकारीच्या ओढीपुढे शिकवणीचा निभाव लागेलच याची खात्री अनुभवी प्रशिक्षकही देत नाहीत.

लीश दीड ते दोन मीटर लांबीची, पट्टीची आणि ठरावीक लांबीची असावी. बटण दाबल्यावर लांब होणारी, गुंडाळणीची लीश गटात चालत नाही: तिची बारीक दोरी पायाला गुंडाळली गेल्यास कातडी सोलून निघते, आणि हातातून सुटल्यास तिची प्लास्टिकची मूठ खडखडत मागे येते, त्यामुळे घाबरलेला कुत्रा अधिकच सैरावैरा पळतो. ओढ घेणाऱ्या कुत्र्याला गळपट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस घालावा, म्हणजे मानेवर आणि श्वासनलिकेवर दाब येत नाही. काटेरी आणि आवळत जाणारे पट्टे आणू नयेत.

सुरुवातीला कुत्र्यांची एकमेकांशी ओळख कशी करून देतात?

एका जागी गोळा करून तर मुळीच नाही. वाहनातून उतरताच सर्वांनी घोळका करून उभे राहणे ही भांडणाची सर्वांत सोपी कृती आहे, कारण समोरासमोर, डोळ्याला डोळा भिडवून उभे राहणे हे कुत्र्यांच्या भाषेत उद्धटपणाचे असते. म्हणून आम्ही ठरलेल्या वेळी दोन-दोन कुत्र्यांना चार-पाच मीटर अंतर राखून एकाच दिशेने चालायला लावतो आणि अंतर हळूहळू कमी करतो. पहिल्या दहा मिनिटांत कोणीही आपला कुत्रा दुसऱ्याच्या नाकाशी नेऊ नये. पुढेही आधी मालकाला विचारावे, कुत्र्यांना तीन-चार सेकंद हुंगू द्यावे आणि लीश सैल ठेवून बाजूला व्हावे. ताणलेल्या लीशवरची ओळख क्वचितच चांगली होते.

माझा कुत्रा भित्रा आहे, किंवा दुसऱ्या कुत्र्यांवर भुंकतो. आम्ही येऊ नये का?

यावे, पण आधी कळवून यावे. अशा कुत्र्याला रांगेच्या अगदी शेवटी, दहा मीटर अंतर राखून चालण्याची जागा दिली जाते, आणि त्या अंतराचा मान इतरांनी राखावा म्हणून त्याच्या लीशला पिवळी फीत बांधली जाते. पिवळ्या फितीचा अर्थ ‘मला मोकळी जागा हवी आहे’ असा आहे. तिला शिक्षेची खूण समजू नये. पूर्वी कोणाला चावलेल्या कुत्र्यास मुसके बांधणे बंधनकारक आहे. ते जाळीदार आणि आत तोंड उघडता येईल एवढे ऐसपैस असावे. तोंड घट्ट बांधून टाकणाऱ्या कापडी मुसक्यात कुत्र्याला धापता येत नाही, आणि चालताना धापता न येणे त्याच्या जिवावर बेतू शकते.

मालकांनी आपल्या कुत्र्याची अस्वस्थता वाचायला शिकावी, कारण गुरगुरणे ही पुष्कळ उशिराची सूचना असते. त्याआधी तो झोप आलेली नसताना जांभई देतो, ओठ चाटतो, मान वळवून डोळ्याच्या कडेने पाहतो, त्यामुळे डोळ्यांतील पांढरा भाग दिसू लागतो, आणि अंग ताठ करून निश्चल उभा राहतो. शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रा खूश आहे, ही समजूत सोडून द्यावी. उंच ताठ धरलेली आणि जलद, आखूड हलणारी शेपूट धोक्याचीही असू शकते. गुरगुरल्याबद्दल त्याला रागावू नये. नाहीतर तो पुढच्या वेळी न गुरगुरता चावेल.

उन्हाळ्यात भटकंती होते का?

होते, पण सूर्य वर येण्यापूर्वी संपेल अशा बेताने. माणूस सर्वांगाने घाम गाळून थंड होतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ केवळ पंजांच्या तळव्यांना, त्यामुळे त्याचा सगळा भार धापण्यावर असतो. हवा दमट असेल तर जिभेवरून बाष्पीभवन मंदावते आणि धापूनही शरीर निवत नाही, म्हणून फक्त तापमानाचा आकडा पाहून निर्णय घेणे फसवे ठरते. पग, बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींचा श्वसनमार्गच अरुंद असतो, त्यामुळे इतर कुत्र्यांना सुखाची वाटणारी सकाळही त्यांना सोसत नाही. त्यांना आम्ही फक्त थंड दिवसांत आणि सर्वांत आखूड वाटेवर घेतो. जमीन तापली आहे का, हे पाहण्यासाठी हाताचा पालथा पंजा तिच्यावर सात सेकंद ठेवावा. तुम्हाला ते सहन झाले नाही, तर कुत्र्याच्या तळव्यांनाही होणार नाही.

उष्माघाताची चिन्हे कोणती आणि तेव्हा काय करावे?

कुत्र्याचे नेहमीचे तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांच्या वर गेले की अवयवांना इजा होऊ लागते. थांबल्यावरही न थांबणारी जोरदार धाप, चिकट व घट्ट लाळ, गडद लाल झालेल्या हिरड्या, उलटी, झोकांड्या खात चालणे आणि हाकेला प्रतिसाद न देणे ही चिन्हे आहेत. कुत्रा सावलीला आपणहून थांबून पुढे यायला नकार देत असेल, तर तो हट्ट करत नाही. त्या क्षणी चालणे संपले असे समजावे.

उपचाराचा क्रम असा आहे: आधी थंड करणे आणि मग दवाखान्यात नेणे. सावलीत आणून मिळेल ते पाणी त्याच्या सर्वांगावर ओतावे आणि टोपीने, कपड्याने वारा घालत राहावे. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये, कारण थोड्याच वेळात तो तापतो आणि उष्णता आतच कोंडतो. शुद्धीत असेल तर थोडे थोडे पाणी पिऊ द्यावे, पण तोंडात जबरदस्तीने ओतू नये. कुत्रा सावरल्यासारखा दिसला तरी पशुवैद्यांकडे न्यावेच, कारण आतील इजा काही तासांनंतरही उघड होऊ शकते.

किती पाणी आणावे? वाटेतल्या ओढ्याचे चालेल का?

घरात आरामात असलेल्या कुत्र्याला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. चालताना ही गरज वाढते. दोन तासांच्या वाटेसाठी मध्यम आकाराच्या कुत्र्याकरिता वेगळे एक लिटर आणावे आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडे थोडे द्यावे. घडी घालता येणारे भांडे सोयीचे पडते. प्रत्येकाने आपले भांडे आणावे, कारण एका भांड्याभोवती अनेक तहानलेले कुत्रे जमले की भांडणे होतात. साचलेले पाणी पिऊ देऊ नये: लेप्टोस्पायरोसिसचा उल्लेख वर आलाच आहे, आणि हिरवट-निळसर साय धरलेल्या पाण्यातील शैवालसदृश जिवाणूंचे विष कुत्र्याला काही तासांत मारू शकते. अशा पाण्यात त्याला डुंबूही देऊ नये, कारण नंतर तो आपले अंग चाटतो.

निघण्यापूर्वी खायला घालावे का?

पोटभर जेवण आणि चालणे यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. खोल छातीच्या मोठ्या जातींमध्ये पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका असतो आणि ती जिवावरची आणीबाणी असते. वाटेत लहान खाऊ देण्यास हरकत नाही, मात्र दुसऱ्याच्या कुत्र्याला विचारल्याशिवाय काहीही देऊ नये. माणसांच्या डब्यांतील चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) घातलेले पदार्थ कुत्र्यांना विषारी असतात, त्यामुळे विश्रांतीच्या वेळी डबे उघडे ठेवून इकडेतिकडे जाऊ नये.

आणखी काय सोबत असावे?

विष्ठेच्या पिशव्या, जादाची एक लीश, गळपट्ट्यावर तुमचा फोन क्रमांक, बँडेज, बारीक टोकाचा चिमटा आणि कुत्रा चालू न शकल्यास त्याला उचलून नेता येईल एवढी मजबूत चादर. या शेवटच्या वस्तूला लोक हसतात, पण पंजा कापलेला मोठा कुत्रा दोन किलोमीटर हातांवर आणून पाहिलेला माणूस हसत नाही. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला कधीही देऊ नयेत. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल या दोन्हींमुळे विषबाधा होऊ शकते.

विष्ठा शेणासारखीच जंगलात कुजते. मग ती उचलायची कशाला?

शेणाशी केलेली ही तुलना चुकीची आहे. कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत उतरतात, तेथे ती दीर्घकाळ टिकतात आणि गोलकृमींची अंडी लहान मुलांच्या पोटात गेल्यास मुलांनाही संसर्ग होतो. एका वाटेवर दर आठवड्याला दहा कुत्रे येऊ लागले की ‘एकदाच तर आहे’ या सबबीचा ढीग दिसू लागतो. पिशवीत उचलावी, पिशवीला गाठ मारावी आणि ती परत घेऊन यावी. परतताना उचलू म्हणून वाटेच्या कडेला ठेवलेली पिशवी बहुधा तिथेच राहते. उघड्यावरच्या विष्ठेपेक्षा ती अधिक वाईट, कारण आता तिच्यात प्लास्टिकची भर पडलेली असते.

वाटेत गुरे, घोडे किंवा इतर लोक भेटल्यास काय करायचे?

पुढचा माणूस ‘समोरून’ अशी हाक देतो, ती मागपर्यंत पोहोचवायची आणि सर्वांनी वाटेच्या एकाच बाजूला होऊन कुत्र्याला आपल्या पलीकडच्या अंगाला घ्यायचे, म्हणजे येणाऱ्याच्या आणि कुत्र्याच्या मध्ये तुम्ही असता. वाट नेहमी समोरच्याला द्यावी. कुत्र्याला घाबरणाऱ्या माणसाला ‘काही करत नाही तो’ असे सांगून धीर येत नाही. लीश आखडून घेतलेली दिसली की येतो. कळपाला लांबून वळसा घालावा. वासरू सोबत असलेली गाय कुत्रा पाहून अंगावर येऊ शकते. ती खरोखरच चालून आली, तर लीश सोडून द्यावी, कारण तिचा रोख कुत्र्यावर असतो आणि तो तुमच्यापेक्षा वेगाने निसटू शकतो. लीश सोडण्यास आमच्याकडे मुभा आहे असा हा एकच प्रसंग.

ज्या संरक्षित क्षेत्रांत कुत्र्यांना बंदी आहे तेथे आम्ही जात नाही. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात मोकळी माळरानेही टाळतो.

कुत्रा नसताना किंवा मुलांसह येता येईल का?

दोन्ही चालेल. मोकळ्या हातांची माणसे गटाला फार उपयोगी पडतात. मुलांनी मोठ्यांच्या सोबतीने चालावे आणि आपल्यापेक्षा जड कुत्र्याची लीश एकट्याने धरू नये.

माजावर आलेली कुत्री आणता येईल का?

नाही. हा काळ साधारण दोन ते तीन आठवड्यांचा असतो; तो संपल्यावर अवश्य यावे.

कुत्र्याने कोणाला चावा घेतला, तर?

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. चावणाऱ्या कुत्र्याचे लसीकरण पूर्ण असले, तरी उपचारांचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. त्या कुत्र्याच्या मालकाने दाखला दाखवणे आणि उपचारांचा खर्च उचलणे अपेक्षित आहे. दोन कुत्रे भिडले तर मध्ये हात घालू नये. लीशींनी मागे ओढावे किंवा अंगावर पाणी फेकावे.

साप चावल्यास काय करावे?

जखम कापू नये, चोखू नये आणि पाय आवळून बांधू नये. कुत्र्याला चालवू नका. चादरीत घालून शक्य तितके स्थिर ठेवा आणि तडक दवाखाना गाठा. तेथे कोणीतरी आधीच फोन करून प्रतिविष उपलब्ध आहे का, याची खात्री करावी. साप ओळखण्यासाठी त्याच्या मागे जाण्यात वेळ घालवू नये.

घरी परतल्यावर काय तपासावे?

दाराबाहेरच सर्वांगावरून बोटे फिरवावीत. गोचीड कानांच्या आत, गळपट्ट्याखाली, काखांत, जांघेत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिकटते. ती दिसल्यास चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ ओढून काढावी. तेल लावणे किंवा काडीने चटका देणे असे उपाय करू नयेत. गोचिडांमुळे होणारे काही आजार काही तासांतच कुत्र्याच्या रक्तात शिरतात, त्यामुळे आंघोळीच्या दिवसापर्यंत थांबणे परवडत नाही. वाळलेल्या गवताच्या हंगामात कुसळांकडेही लक्ष द्यावे. त्यांची टोके उलट्या काट्यांची असल्यामुळे ती आत शिरतात पण मागे येत नाहीत. कुत्रा एकसारखे डोके झटकू लागला, एकाच पंजाला चाटत बसला किंवा अचानक शिंकांवर शिंका देऊ लागला, तर कुसळ कानात, बोटांमध्ये किंवा नाकात गेले असण्याची शक्यता धरावी. पंजातील कुसळ वर दिसत असेल तर काढावे. कानातील आणि नाकातील कुसळाला घरी हात लावू नये, ते पशुवैद्यांनाच काढू द्यावे.